‘असली पुस्तकं’ वाचनालयात हवीत

गेल्या वर्षी आमच्या भागातल्या एका वाचनालयाच्या वार्षिक सभेत मी एक प्रश्न विचारला. प्रेम आणि रहस्य एकत्र गुंफलेल्या कादंबऱ्या, भुताखेतांच्या प्रेमकथा, यांची मागणी मी वहीत तीनदा नोंदवली होती. तरी एकही का घेतली नाही? कार्यकारिणीतल्या एका ज्येष्ठांनी शांतपणे उत्तर दिलं, “ताई, असली पुस्तकं घ्यायला आपल्याकडं निधी नाही.” सभेत पस्तीस-चाळीस माणसं होती, त्यांत बायका सात. कुणी हसलं नाही आणि कुणी बोललंही नाही. त्याच वर्षी त्याच निधीतून हेरकथांचे आणि कोर्टकचेरीच्या थरारकथांचे जाडजूड अनुवाद आले होते, त्यांची नावं अहवालात छापलेली होती. म्हणजे निधी होता. अडलं होतं ते ‘असली’ या शब्दापाशी.

हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आले आहे. आमची थोरली काकू सातवीपर्यंत शिकलेली. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या आमच्या चौदा माणसांच्या घरात सून होऊन आली तेव्हा ती सतरा वर्षांची होती. दुपारी धुणं-भांडी आटोपली की स्वयंपाकघरात पाटावर बसून ती वाचायची. पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर असायचं. पुस्तक मळू नये म्हणून ते घातलंय, असं मला कितीतरी वर्षं वाटत होतं. पुस्तकं गल्लीतल्या भाड्यानं पुस्तकं देणाऱ्या दुकानातली, दिवसाला चार आणे. पडका वाडा, त्यात एकटी पडलेली मुलगी, आणि चांगला की वाईट ते शेवटपर्यंत न कळणारा एक पुरुष, असं त्यांत असायचं. मी एकदा विचारलं, “काकू, भीती वाटत नाही का गं भुताची?” ती म्हणाली, “भुताची कशाला? पुस्तक मिटलं की भूत गेलं. मी रोज जितक्यांना भितो, त्यातलं एक तरी असं मिटतंय का?” (आमच्याकडं बायकाही ‘येतो, जातो, भितो’ म्हणतात.)

वाचनालयानं ही पुस्तकं का घ्यावीत, हे मला तिच्या त्या बोलण्यापासूनच सांगावं लागेल.

या कादंबऱ्यांची बांधणी तशी साधी असते. एक बाई अनोळखी जागी येते. तिथं काहीतरी गुन्हा घडलेला असतो किंवा घडणार असतो. तिथला एक पुरुष तिला आवडू लागतो आणि त्याच वेळी तिला त्याचाच संशय येतो. खुनी कोण आणि विश्वास कुणावर टाकायचा, या दोन्ही गाठी एकमेकींत अडकलेल्या असतात आणि शेवटी एकदमच सुटतात. दुसऱ्या प्रकारात तो पुरुष पुरता माणूसच नसतो. तो रक्तावर जगणारा अमर जीव असतो, पौर्णिमेला लांडगा होणारा असतो, नाहीतर शे-दीडशे वर्षं एकाच घरात अडकून पडलेला आत्मा असतो. शेवट बहुतेकदा ठरलेला. अमेरिकेतल्या प्रणयकादंबरीकारांची संघटना १९८० मध्ये स्थापन झाली. प्रणयकादंबरी कशाला म्हणायचं, याच्या तिनं दोनच अटी घातल्या: कथेच्या केंद्रस्थानी प्रेम हवं आणि शेवट समाधान देणारा, आशा ठेवणारा हवा.

शेवट आधीच ठाऊक असेल तर वाचायचं काय, असं लोक विचारतात. कोल्हापूरच्या माणसानं तरी हा प्रश्न विचारू नये. दर पावसाळ्यात शेकडो माणसं पन्हाळ्यावरून पावनखिंडीकडं चिखल तुडवत निघतात. १६६० च्या त्या रात्री काय झालं हे त्यांतल्या प्रत्येकाला पाठ असतं. तरी पोवाड्यात शाहीर ‘तोफांचे आवाज अजून का येत नाहीत’ इथवर आला की अंगावर काटा येतोच. पुढं काय होणार हे माहीत असण्यानं थरार कमी होत नाही. उलट जीव मुठीत धरून ऐकायला बळ येतं. ज्या बाईच्या आयुष्यात शेवटाची कसलीच हमी नाही, तिला हमी असलेली भीती हवीशी वाटते, यात मला काहीच कमीपणा दिसत नाही.

ही भीती नेमकी कसली, हे बघायला थोडं मागं जावं लागेल. इंग्रजीत या जातीच्या कादंबरीची सुरुवात अठराव्या शतकात झाली. १७६४ मध्ये होरेस वॉलपोलनं झपाटलेल्या किल्ल्याची गोष्ट लिहिली. १७९४ मध्ये अ‍ॅन रॅडक्लिफ या बाईंनी तशाच एका किल्ल्यात एका अनाथ मुलीला आणून ठेवलं. रात्रीचे आवाज, पडद्यामागं काहीतरी भयंकर, बंद दारं, असं सगळं त्यात आहे. पण रॅडक्लिफबाईंचं वेगळेपण असं की शेवटी जवळजवळ सगळ्या भुतांचा उलगडा होतो, तिथं भूत नसतंच. खरा असतो तो त्या घराचा मालक. मुलीच्या आत्याशी लग्न करून तिचा पालक होऊन बसलेला, आणि तिच्या नावावरच्या मालमत्तेच्या कागदावर तिची सही मिळावी म्हणून तिला कोंडून ठेवणारा. म्हणजे भुतं खोटी ठरली, जमिनीचा लोभ मात्र खरा निघाला.

हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला लांबचा कुठला इटालियन किल्ला आठवला नाही. आठवलं ते आपल्याकडचं हक्कसोडपत्र. वडील गेले की तेरावं उरकायच्या आत ‘ताई, तेवढी सही करून टाक’ म्हणणारे भाऊ या जिल्ह्यात गावोगाव आहेत. महाराष्ट्रानं १९९४ मध्ये आणि केंद्रानं २००५ मध्ये मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हक्क दिला. त्यानंतरही दुय्यम निबंधकाच्या कचेरीबाहेरच्या बाकावर, पदर चेहऱ्यावर ओढून, सहीची वाट बघत बसलेल्या बहिणी मी पाहिल्या आहेत. त्यांना कुणी कोंडलेलं नसतं. सही केली नाही तर माहेरचं दार बंद होईल, एवढंच त्यांना माहीत असतं. दोनशे तीस वर्षांपूर्वीची ती मुलगी कागद पुढं आला की ‘नाही’ म्हणते. वाचणारीला तेवढी चार पानं तरी कुणीतरी ‘नाही’ म्हणताना दिसतं.

लग्नाचंही तसंच आहे. वीस मिनिटांच्या कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात समोरचा मुलगा कसा आहे हे ताडायचं, आणि त्यावर पुढची पन्नास वर्षं ठरवायची. मग अनोळखी घरात जायचं, जिथली कुठली खोली कुणाची, कुणाचं नाव कुणापुढं काढायचं नाही, धाकट्या दिराबद्दल सगळे गप्प का होतात, हे हळूहळू कळत जातं. आपल्याकडची प्रत्येक नवी सून काही महिने एका रहस्यकादंबरीतच राहत असते. ‘हा माणूस माझ्यावर प्रेम करतो की मला संपवणार आहे’ हा प्रश्न पुस्तकात अतिशयोक्त वाटतो. ज्या घरात जळालेल्या सुनेची बातमी शेजारी येऊन गेली आहे, तिथं तो अतिशयोक्त वाटत नाही. पुरुषांच्या थरारकथेत धोका सीमेपलीकडून येतो, शत्रूच्या देशातून येतो. बायकांच्या थरारकथेत तो जिन्याच्या वरच्या खोलीतून येतो. पहिल्या धोक्याला आपण गंभीर साहित्य नाही तरी निदान ‘वाचनीय’ म्हणतो आणि दुसऱ्याला ‘असली पुस्तकं’. माझा राग या भेदावर आहे.

हे सगळं परदेशातून आलेलं खूळ आहे, असंही मानायचं कारण नाही. मराठी कादंबरी मुळात याच वाटेनं चालायला शिकली. १८५७ मध्ये बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ आली, तिनं विधवांचं दुःख मांडलं. पण त्यानंतर १८६१ मध्ये लक्ष्मणशास्त्री हळब्यांची ‘मुक्तामाला’ आणि १८६८ मध्ये नारो सदाशिव रिसबुडांची ‘मंजुघोषा’ आली. संकटात सापडलेली नायिका, कपटी खलपुरुष, ताटातूट, योगायोग आणि शेवटी मीलन, असा तो ऐवज होता. वाचकांनी तो भरभरून वाचला. रिसबुडांनी प्रस्तावनेत एक तक्रार केली आहे, ती मला फार बोलकी वाटते. आपल्या विवाहाच्या चालीरीतींमुळं आणि इतर काही कारणांमुळं आपल्या लोकांच्या आयुष्यात मन वेधून घेणारे गुणही दिसत नाहीत आणि दुर्गुणही दिसत नाहीत, त्यामुळं लिहिणाऱ्याची पंचाईत होते, असा तिचा आशय आहे.

रिसबुडांबद्दल मला आदर आहे, पण इथं त्यांचं चुकलं. त्यांनी घर ओसरीवरून पाहिलं. माजघरात गेले असते तर त्याच विवाहाच्या चालीरीतींत त्यांना दहा कादंबऱ्यांचं रहस्य सापडलं असतं. पुढं हरिभाऊ आपट्यांनी ते माजघर दाखवलं, वास्तवाच्या अंगानं दाखवलं, आणि मराठी कादंबरी मोठी झाली. मात्र त्या मोठेपणात ‘अद्भुतरम्य’ हा शब्द शिवीसारखा वापरायची सवय आपल्याला लागली. ती अजून सुटलेली नाही.

भुताच्या बाबतीत तर आपण कुणाचंच देणं लागत नाही. मुंज झाली पण लग्नाआधीच गेला, तो मुंजा होऊन पिंपळावर बसतो. बाळंतपणात गेली, तिची हडळ होते. आपल्या आज्यांनी सांगितलेली बहुतेक भुतं अशीच आहेत, काहीतरी राहून गेलेली. कुणाचा संसार राहिला, कुणाचं मूल राहिलं. आपल्या लोकांनी दडपलेली इच्छा भुतांच्या नावानं जपून ठेवली, कारण जिवंत बाईच्या तोंडून ती ऐकायची त्यांची तयारी नव्हती. मेलेली बाई ‘मला अजून जगायचं होतं’ म्हणू शकते. यापेक्षा मोठा कच्चा माल कुठल्या लेखकाला हवा? आपल्याकडं धारपांनी भयकथा लिहिल्या, मतकरींनी गूढकथा लिहिल्या, बाबूराव अर्नाळकरांनी तर हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. पण मुंजाची बाजू घेऊन, हडळीला नायिका करून, भीती आणि माया एकाच वाक्यात ठेवणारी लांब कादंबरी मला शोधूनही फार सापडत नाही. म्हणून माझी भाची ती इंग्रजीत वाचते. तिच्या मनातली भुतं आता बर्फाळ गावात राहतात.

कोल्हापुरात ‘कला कलेसाठी की जीवनासाठी’ हा वाद अजून ऐकू येतो. ज्या दोघांच्या नावानं तो ओळखला जातो, ते ना. सी. फडके आणि वि. स. खांडेकर, दोघंही या गावात राहिले. फडके राजाराम महाविद्यालयात शिकवत, खांडेकर १९३८ पासून इथलेच झाले. फडक्यांच्या प्रेमकथांना पोरासोरांचं वाचन म्हणून नाक मुरडलं गेलं. खांडेकरांना १९७४ चं ज्ञानपीठ मिळालं, मराठीला मिळालेलं पहिलं. ते ज्या ‘ययाती’शी कायमचं जोडलं गेलं तिच्यात काय आहे? मेलेल्याला उठवणारी विद्या आहे, शाप आहे, मत्सर आहे, मुलाचं तारुण्य स्वतःच्या अंगावर घेणारा बाप आहे आणि अनावर वासना आहे. शिवाजी विद्यापीठात खांडेकरांचं स्मृती संग्रहालय आहे, शाळेच्या सहली तिथं जातात, आणि ते योग्यच आहे. ‘ययाती’ आणि चार आण्यांची भाड्याची कादंबरी एका तोलाची आहे, असं मी म्हणत नाही. हाताळणीत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पण दर्जा एकेका पुस्तकाचा ठरतो, त्याच्या जातकुळीचा नाही. शाप आणि वासना कपाटात ठेवायला एका ठिकाणी चालतात, तर दुसऱ्या ठिकाणी निदान वाचून मग नाही म्हणावं.

अश्लीलतेचा मुद्दा मी लवकर संपवते. चंद्रकांत काकोडकरांच्या ‘श्यामा’ या कथेवर खटला झाला, आणि १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांना निर्दोष ठरवलं. त्यानंतरही सभेत कुणी या शब्दाचा आडोसा घेत असेल तर त्यांनी नेमकं पान दाखवावं.

अंधश्रद्धेचा आक्षेप मात्र मला मनापासून महत्त्वाचा वाटतो, कारण तो माझ्याच मित्रांकडून येतो. फेब्रुवारी २०१५ मध्ये गोविंद पानसरेंवर याच शहरात गोळ्या झाडल्या गेल्या. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ पासून आहे, तरी अंगात आलेल्या बाईला खोलीत कोंडून मारहाण झाल्याच्या बातम्या येतच असतात. अशा ठिकाणी भुताच्या प्रेमात पडणाऱ्या मुलीची कादंबरी का वाटायची, असं माझा एक कार्यकर्ता मित्र विचारतो. माझं उत्तर त्याला पटलेलं नाही, तरी मांडते. भोंदू बाबा तुमच्याकडं विश्वास मागतो, पैसे मागतो आणि कधी देहही मागतो. कादंबरी यातलं काहीच मागत नाही. ‘हे खोटं आहे, पण चल, धरून चालू’ एवढाच करार ती पहिल्या पानावर करते. असा करार करता येणं आणि तो मोडताही येणं, ही विवेकाचीच तालीम आहे. काकूनं आयुष्यभर भुतांच्या कादंबऱ्या वाचल्या, पण घरात कुणाला झपाटलंय म्हणून लिंबू उतरवायची वेळ आली तेव्हा डॉक्टरकडं न्या म्हणणारी तीच एकटी होती. एका काकूवरून सिद्धांत होत नाही हे मला कळतं. पण उलट बाजूचा सिद्धांतही कुणी माझ्यापुढं ठेवलेला नाही.

दुसरा आक्षेप माझा स्वतःचाच आहे. १९७० च्या दशकातल्या कितीतरी अमेरिकन प्रणयकादंबऱ्यांत नायक नायिकेवर बळजबरी करतो आणि पुढं त्यालाच प्रेम म्हटलं जातं. ती पानं मला वाचवत नाहीत. अमर, देखणा नायक न विचारता रात्री मुलीच्या खोलीत येऊन ती झोपलेली बघत बसतो, असं नंतरच्या पुस्तकांतही येतं. माझ्या बारावीतल्या भाचीनं असंच एक पुस्तक मला दाखवलं आणि म्हणाली, “मावशी, हा तर पाठलाग आहे ना?” २०१३ पासून आपल्या कायद्यात तो गुन्हा आहे, हे तिला शाळेतल्या व्याख्यानात सांगितलं होतं. पण ते व्याख्यान आणि हे पुस्तक जोडलं तिचं तिनं. आम्ही दोघी त्यावर दोन तास बोललो. मुलगा मागं मागं येतो तेव्हा आधी बरं का वाटतं, आणि कुठल्या क्षणी बरं वाटणं थांबतं, हे ती माझ्याशी बोलली. सरळ विचारलं असतं तर ती कधीच बोलली नसती. पुस्तक हाताशी नसतं तर हे बोलणं झालं नसतं. अशा पुस्तकांत जे सडकं आहे त्याला सडकं म्हणायलाही आधी ती उघड्यावर वाचावी लागतात. वर्तमानपत्राच्या कव्हरात वाचलेल्या पुस्तकावर चर्चा होत नाही.

जॅनिस रॅडवे या अमेरिकन अभ्यासक बाईंनी १९८४ मध्ये प्रणयकादंबऱ्या वाचणाऱ्या बायकांवर एक पुस्तक लिहिलं. त्या बायका काय वाचतात एवढंच विचारून त्या थांबल्या नाहीत, वाचताना त्या काय करत असतात हेही विचारलं. वाचणं म्हणजे सगळ्यांची उस्तवार करणाऱ्या बाईनं ‘आता ही वेळ माझी’ असं जाहीर करणं, हे त्यांना दिसलं. शेवटी ही पुस्तकं बाईला आहे त्या चौकटीतच समाधान मानायला लावतात का, हा प्रश्नही त्यांनी सोडला नाही. मला दोन्ही खरं वाटतं. स्वयंपाकघरातल्या पाटावर काकूनं मिळवलेला तास खरा होता, आणि पुस्तक मिटून ती पुन्हा चुलीपुढं बसत होती हेही खरं होतं. पण तो तासही नको म्हणणाऱ्यांनी तिला चुलीपासून सोडवलं असतं, असं मला वाटत नाही.

आता वाचनालयांकडं येते. करवीर नगर वाचन मंदिर १८५० चं आहे, विद्यापीठापेक्षा शंभर वर्षांहून अधिक जुनं. कोल्हापूर संस्थानानं १९४५ मध्ये सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला, तेव्हा देश स्वतंत्रही झाला नव्हता. महाराष्ट्राचा कायदा त्यानंतर बावीस वर्षांनी, १९६७ मध्ये आला. या गावानं इतक्या आधी ठरवलं की वाचनाचा खर्च ही सार्वजनिक जबाबदारी आहे. सार्वजनिक म्हणजे सगळ्यांची, त्यात वर्गणी भरणाऱ्या आणि दुपारी एक ते तीनच्या मधेच येऊ शकणाऱ्या बायकाही आल्या. त्यांनी काय मागितलं हे मागणीवहीत लिहिलेलं असतं. वही असूनही ती कुणी वाचत नसेल तर ठेवायची कशाला?

माझं मागणं फार मोठं नाही. दरवर्षीच्या खरेदीत दहा-पंधरा पुस्तकं या प्रकारची घ्यावीत, निवडताना वाचणाऱ्या दोन बायकांना समितीत बसवावं, आणि कपाटावर नाव लिहावं. नावाची मात्र खरी अडचण आहे. रहस्यकथा, गूढकथा, भयकथा, प्रेमकथा हे शब्द आपल्याकडं आहेत, पण या दोन-दोन गोष्टी एकत्र सांगणारा सुटसुटीत शब्द मराठीनं अजून घडवलेला नाही. तो घडेपर्यंत ‘प्रेम आणि रहस्य’ एवढं लिहिलं तरी चालेल. प्रकाशकांनी हेरांच्या आणि वकिलांच्या कथांइतके या कथांचे अनुवाद करावेत. आणि इथल्या लिहिणाऱ्या मुलींनी पन्हाळ्यावरची अंधार बाव, ती जुनी विहीर, एकदा उतरून बघावी. आत गारवा असतो, अंधार असतो, आणि वर परत यायला पायऱ्या असतात.

या वर्षीच्या सभेत मी हाच प्रश्न लेखी मांडणार आहे. अर्जावर आतापर्यंत एकोणीस सह्या झाल्या आहेत. परवा एका वाचक बाईंकडं तो घेऊन गेले. त्यांनी चष्मा लावून सगळा वाचला, पेन हातात घेतलं आणि विचारलं, “घरात कळायचं न्हाई न्हवं?” मी म्हटलं, कागद वाचनालयाच्या फायलीत राहील, बाहेर जाणार नाही. त्यांनी सही केली, फक्त पहिल्या नावाची.